दर महिन्याला पिळणे म्हणजे इलाज नव्हे: कुत्र्याच्या गुदग्रंथींचा पुन्हा पुन्हा होणारा त्रास

पावसाळ्यात मिरचीचा तोडा सुरू झाला की आजूबाजूच्या खेड्यांतून पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीच्या गाड्या येऊ लागतात. माल विकून झाला की परतीच्या वाटेवर लोक बाकीची कामे उरकतात. गाईचे औषध, शेळ्यांचे जंताचे औषध, आणि निघता निघता एक प्रश्न: "डॉक्टर, आमचं कुत्रं जमिनीला बूड घासत चालतंय. जंत झालेत का?"

अशाच एका हंगामात एक मावशी नातवाला घेऊन आल्या. सोबत पांढरे, केसाळ पॉमेरियन, वय साडेचार वर्षे. मावशी म्हणाल्या, "लई घाण वास येतो याचा. घरात घेववत नाही. सहा वेळा पिळून आणलं. पंधरा दिवस बरं राहतं, पुन्हा तेच. मालक म्हणतात, नेऊन सोडा आता कुठंतरी." नातू काही बोलला नाही. त्याने कुत्र्याची दोरी हाताला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरली.

हा लेख त्या "सहा वेळा"बद्दल आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. गुदग्रंथी पिळल्याने कुत्र्याला त्या दिवशी आराम पडतो, पण आजार बरा होत नाही. एखाद्या कुत्र्याच्या ग्रंथी दर महिन्याला पिळाव्या लागत असतील, तर मूळ कारण कोणीतरी शोधायचे राहिले आहे. बऱ्याच वेळा ते आम्ही डॉक्टरांनीच शोधलेले नसते.

या ग्रंथी असतात तरी कुठे?

कुत्र्याच्या शौचाच्या जागेला घड्याळाची तबकडी समजा. शेपटीची बाजू बारा वाजता धरली, तर चार आणि आठच्या जागी कातडीखाली दोन लहान पिशव्या असतात. लहान कुत्र्यात त्या वाटाण्याएवढ्या, मोठ्या कुत्र्यात त्याहून थोड्या मोठ्या. प्रत्येक पिशवीची एक बारीक नळी शौचाच्या जागेच्या कडेला उघडते. पिशवीत उग्र वासाचा पिवळसर ते तपकिरी द्रव तयार होत असतो. कुत्रे एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात तेव्हा या वासावरून त्यांची ओळखपाळख होते. कुत्रे फार घाबरले की एकदम सडक्या मासळीसारखा वास सुटतो, तोही याच पिशव्यांचा.

या पिशव्या दोन स्नायूंच्या मध्ये बसलेल्या असतात. बांधून आलेली, घट्ट शी बाहेर पडताना त्यांच्यावर दाब येतो आणि थोडा द्रव आपोआप निघून जातो. निरोगी कुत्र्याच्या ग्रंथी अशा रोजच्या रोज रिकाम्या होतात. त्यांना माणसाच्या हाताची गरज नसते. आपल्या वस्तीवरच्या गावठी कुत्र्यांच्या ग्रंथी कोणी पिळत नाही, तरी बहुतेकांना आयुष्यभर हा त्रास होत नाही.

बिघाड होतो तो पायरी पायरीने. आधी द्रव आत साठतो आणि घट्ट होतो. मग पिशवीला सूज येते, जंतुसंसर्ग होतो. त्यानंतर गळू होते, आणि तेही बघितले नाही तर कातडी फुटून शौचाच्या जागेशेजारी भोक पडते व त्यातून रक्त-पू येतो.

हा आजार काही दुर्मिळ नाही. ब्रिटनमधील रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या व्हेटकंपास प्रकल्पात एक लाखाहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एका वर्षात साधारण 4.4 टक्के कुत्र्यांत गुदग्रंथींचा काही ना काही त्रास आढळला. चपट्या तोंडाच्या जातींत तो लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या अडीचपटीहून जास्त होता. गावात आता शिट्झू, पग, पॉमेरियन पाळणारी घरे वाढली आहेत. त्यामुळे हा प्रश्न पुढे कमी होणार नाही, वाढणारच आहे.

घासतंय म्हणजे जंतच का?

नाही. जंतांमुळे कुत्रे घासते हे खरे, पण घासण्याचे ते एकमेव कारण नाही. गुदग्रंथी भरलेल्या असणे, पिसवांची ॲलर्जी, खाण्याची ॲलर्जी, शेपटीखालची जखम, घट्ट शौच, गाठ, यांतल्या कोणत्याही कारणाने कुत्रे बूड घासू शकते. ग्रंथींचा त्रास असेल तर सहसा पुढील गोष्टी दिसतात:

- मागची जागा सारखी चाटणे, शेपटीच्या मुळाशी चावणे
- बसताना दचकणे, एका बाजूवर कलून बसणे, शेपटी दाबून धरणे
- बसलेल्या जागी तपकिरी डाग आणि मासळीसारखा वास
- शौच करताना कण्हणे किंवा कुंथणे
- शौचाच्या जागेच्या एका बाजूला लाल, गरम फुगवटा

घरात जंताची गोळी द्यायची आणि थांबून बघायचे, अशी आपली पद्धत आहे. जंताचे औषध द्यायला हरकत नाही, ते वेळेवर दिलेच पाहिजे. पण गोळी देऊन आठवडा झाला आणि कुत्रे अजून घासत असेल, तर दुसरी गोळी देण्याऐवजी शेपटी उचलून बघा.

वारंवार पिळायला माझा विरोध का?

भरलेली, दुखरी ग्रंथी रिकामी करायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. माझा विरोध दोन गोष्टींना आहे. एक, ज्या कुत्र्याला काहीच त्रास नाही त्याच्या ग्रंथी आंघोळीबरोबर "सफाई" म्हणून पिळणे. दोन, त्रास असलेल्या कुत्र्याच्या ग्रंथी कारण न शोधता महिन्याच्या महिन्याला पिळत राहणे.

पिशवीचे आवरण नाजूक असते. बाहेरून जोरात दाबले की आवरणाला आणि बारीक नळीला इजा होऊ शकते. इजा झाली की सूज, सूज आली की नळी अरुंद, नळी अरुंद झाली की द्रव पुन्हा तुंबतो. म्हणजे जे टाळायचे तेच आपण आपल्या हाताने घडवून आणतो. योग्य पद्धत अशी की डॉक्टर हातमोजा घालून, वंगण लावून, एक बोट आत घालून पिशवी दोन बोटांत धरतात आणि हळूहळू रिकामी करतात. त्यात आणखी एक फायदा आहे: आत गाठ असेल तर ती बोटाला कळते.

हे मी फार शहाणपणाने सांगत नाही. काही वर्षांपूर्वी शेतावर राखणीला असलेला एक म्हातारा कुत्रा माझ्याकडे यायचा. घाईगडबडीत मी चार महिने त्याची उजवी ग्रंथी बाहेरून दाबून रिकामी करत राहिलो. मालकाने एकदा सहज सांगितले, "आजकाल पाणी लई पितो." तेव्हा कुठे मी आत बोट घालून तपासले. पिशवीत कडक गाठ होती आणि ती आत पसरली होती. गुदग्रंथीच्या कर्करोगात काही कुत्र्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढते, म्हणून ते जास्त पाणी पितात आणि जास्त लघवी करतात. हे मी पुस्तकात वाचलेले होते. पहिल्याच भेटीत दोन मिनिटे जास्त दिली असती, तर त्या कुत्र्याला ऑपरेशनची संधी तरी मिळाली असती. तेव्हापासून माझा नियम आहे: सात-आठ वर्षांपुढचे कुत्रे आणि एकाच बाजूचा त्रास असेल, तर आतून तपासल्याशिवाय परत पाठवायचे नाही. तुमच्या डॉक्टरांनी तसे तपासले नाही, तर तुम्ही विचारा. त्यात संकोच कशाचा?

कारण कुठे शोधायचे?

"दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला" असे आपण म्हणतो. या आजारात नेमके तेच होते. दुखणे असते आतड्यात, कातडीत किंवा अंथरुणात, आणि आपण पिळतो ग्रंथी. मी चार ठिकाणी शोधतो.

पहिले, शी कशी होते. पातळ शौचाने पिशवीवर दाबच पडत नाही. घरोघरी कुत्र्याचे जेवण म्हणजे दूध-भाकरी, दूध-पोळी आणि चहाबरोबरची बिस्किटे. पिल्लू मोठे झाले की बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि शी कायम सैल राहते. उलट नुसती हाडे खाणाऱ्या कुत्र्याला कोरडे, कडक शौच होऊन कुंथावे लागते. दोन्ही वाईटच.

दुसरे, पिसवा आणि पट्टकृमी. पट्टकृमीचे तुकडे तांदळाच्या किंवा काकडीच्या बीसारखे शेपटीखाली चिकटलेले दिसतात. कुत्र्यांतील सर्वांत नेहमीचा पट्टकृमी पिसवांमधून येतो. कुत्रे पिसू चावून गिळते आणि तिच्यातला जंत पोटात जातो. म्हणून पिसवा तशाच ठेवून नुसती जंताची गोळी दिली, तर काही आठवड्यांत पुन्हा तेच. शिवाय सगळ्या जंतांच्या गोळ्या पट्टकृमीवर चालत नाहीत, त्यासाठी प्राझिक्वान्टेल असलेली गोळी लागते. डोस वजनावर ठरतो.

तिसरे, ॲलर्जी. माझ्या मते वारंवार येणाऱ्या कुत्र्यांत हेच कारण सर्वांत जास्त निसटते. कुत्रे पंजे चाटते का, कान खाजवते का, कानातून वास येतो का, पोटाची कातडी लाल आहे का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. कुत्र्यांना ज्या पदार्थांची ॲलर्जी जास्त आढळते त्यांत गोमांसाबरोबर दूध, कोंबडी आणि गहू येतात. आता आपल्या भागातल्या लाडक्या कुत्र्याचे ताट आठवा: दूध, पोळी आणि रविवारी कोंबडी. तपासायचे असेल तर किमान आठ आठवडे, कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ एवढेच द्यायचे. कोणते, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. या काळात एक बिस्किटसुद्धा नाही. घरातल्या लहान मुलांनाही हे सांगावे लागते, कारण चाचणी बहुधा तिथेच फसते.

चौथे, वजन आणि वय. लठ्ठ कुत्र्यात चरबीमुळे पिशव्या नीट रिकाम्या होत नाहीत. म्हाताऱ्या कुत्र्यात गाठीचा विचार करायचा, हे वर आलेच आहे. खच्चीकरण न केलेल्या म्हाताऱ्या नराला शौचाच्या जागेभोवती वेगळ्या, बहुधा साध्या गाठीही येतात. पण कोणती गाठ साधी हे नुसते बघून ठरवू नये.

घरी काय करता येईल?

दूध आणि बिस्किटे पंधरा दिवस बंद करून बघा. एवढ्यानेच कित्येकांची शी बांधून येते. भाकरी वाईट नाही, पण नुसत्या भाकरीवर कुत्र्याचे पोषण होत नाही. जोडीला अंडे किंवा ज्याची ॲलर्जी नाही असे मांस हवे.

तंतुमय पदार्थ वाढवा. उकडून कुस्करलेला लाल भोपळा, मीठ-मिरची, कांदा-लसूण न घालता, लहान कुत्र्याला एक-दोन चमचे आणि मोठ्याला तीन-चार मोठे चमचे रोज. किंवा इसबगोल: दहा किलोच्या कुत्र्याला अर्धा ते एक छोटा चमचा, भरपूर पाण्यात भिजवून जेवणात मिसळून. कोरडे इसबगोल कधीही देऊ नका, आणि सुरुवात थोड्यापासून करा. प्रत्येक कुत्र्याला याने फरक पडतोच असे नाही. महिनाभर करून बघा. पडला नाही तर कारण दुसरीकडे आहे असे समजा.

पिसवांसाठी कुत्र्याबरोबर त्याचे अंथरूण, गोणपाट आणि बसण्याची जागाही स्वच्छ करावी लागते. पिसवांची अंडी आणि अळ्या तिथेच असतात. गोणपाट गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.

ग्रंथी घरी पिळू नका, असा माझा सल्ला आहे. दुखऱ्या जागी हात लागला की सगळ्यांत गरीब कुत्रेही चावते. चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. घरचेच कुत्रे आहे म्हणून हयगय नको.

हे मात्र करू नका

आपल्या भागात मिरचीवर फवारणी भरपूर होते आणि उरलेले औषध घरात असते. गोचीड-पिसवा मारायला ते कुत्र्याला चोळल्यामुळे तोंडाला फेस येऊन, झटके देत मेलेली कुत्री मी बघितली आहेत. पिकाचे औषध जनावराच्या अंगाला लावायचे नाही, पाणी घालून पातळ करूनही नाही. जनावरांच्या बाटलीतले उरलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचू नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी कोणतीही गोळी कुत्र्याच्या यकृताला, जठराला किंवा मूत्रपिंडाला मोठी इजा करू शकते. फुटलेल्या जागेवर रॉकेल, पेट्रोल, फिनाईल, चुना काहीही ओतू नका.

पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशा बसतात आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. त्यामुळे गळू फुटले, तर "आता पू निघून गेला, बरं होईल" म्हणून घरी बसू नका. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पाच-दहा मिनिटे शेक द्या, चाटू देऊ नका आणि दवाखान्यात आणा. गळ्यातला कोन मिळाला नाही, तर जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून कडा कापडाने मऊ करून घातली तरी काम भागते. दवाखान्यात भूल देऊन गळू उघडतात, सलाईनने धुतात, वेदनेचे औषध देतात आणि गरज असेल तर प्रतिजैविक. गळू नसलेल्या, नुसत्या भरलेल्या ग्रंथीला दर वेळी प्रतिजैविकाचा कोर्स देण्याचे कारण नाही. आम्ही डॉक्टरांनी ही सवय सोडली पाहिजे.

ग्रंथी काढूनच टाकल्या तर?

असे बरेचजण वैतागून विचारतात. या पिशव्यांशिवाय कुत्रे व्यवस्थित जगते, त्यामुळे ऑपरेशन हा पर्याय आहे. पण तो शेवटचा. पिशव्यांच्या शेजारून शौच रोखून धरणाऱ्या स्नायूच्या नसा जातात. त्या दुखावल्या तर कुत्र्याचा शौचावरचा ताबा जाऊ शकतो, आणि पिशवीचा तुकडा आत राहिला तर वाहती जखम होते. सूज असताना हे ऑपरेशन करू नये, आणि ज्यांना या कामाचा सराव आहे त्यांच्याकडूनच करून घ्यावे. आपल्याकडून जालना, छत्रपती संभाजीनगर किंवा परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे विचारता येते. ॲलर्जीच्या कुत्र्याच्या ग्रंथी काढल्या तरी त्याची खाज राहतेच, हेही लक्षात घ्या. गाठ असेल तर मात्र थांबायचे नाही, ऑपरेशनचा विचार लगेच करायचा.

"एवढं कुठं करत बसायचं, डॉक्टर?"

हा आक्षेप मी मनापासून ऐकतो. तोडणीच्या दिवसांत घरात माणसांना जेवायला फुरसत नसते, तिथे कुत्र्याची शी कोण बघत बसणार? पिळून आणायला दहा मिनिटे आणि थोडे पैसे, झाले. पण हिशेब मांडून बघा. सहा वेळा पिळण्याचे पैसे, सहा वेळा गाडीचे भाडे आणि मोडलेला अर्धा अर्धा दिवस, एवढ्यात एक नीट तपासणी, पिसवांचे औषध, जंताची गोळी आणि वर्षभराचे इसबगोल आले असते. गाठ उशिरा सापडण्याची किंमत तर पैशात मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. आपण बैलाच्या खुराला काटा लागला तर रात्री डॉक्टरला उठवतो. रात्रभर शेत राखणाऱ्या कुत्र्याच्या मागच्या जागेचे दुखणे मात्र आपल्याला किळसवाणे वाटते, म्हणून आपण ते बघायचेच टाळतो. वास कुत्र्याचा नसतो, आजाराचा असतो. त्या वासापायी बाजारात, घाटात, हॉटेलामागे सोडून दिलेली कुत्री मला दिसतात तेव्हा त्यांतल्या कितींची दुखणी महिनाभरात आटोक्यात आली असती, हा विचार पाठ सोडत नाही.

मावशींच्या कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी पिसवांची काळी घाण होती, खाली जंताचे दोन तुकडे चिकटलेले होते आणि जेवण होते दूध-बिस्किटांचे. आतून तपासले, गाठ नव्हती. त्या दिवशी ग्रंथी सातव्यांदा रिकाम्या केल्या, बाकी सगळे वर लिहिले तसे केले. दीड महिन्याने नातू एकटाच आला, इसबगोल किती दिवस द्यायचे ते विचारायला. कुत्रे घरात झोपते का, असे मी विचारले. म्हणाला, "आजोबांच्या खाटेखाली."

तुमच्या कुत्र्याला हा त्रास दुसऱ्यांदा झाला असेल, तर दवाखान्यात येताना तीन गोष्टी आणा: शीचा मोबाईलवर काढलेला फोटो, आठवडाभरात कुत्र्याने काय काय खाल्ले त्याची यादी, आणि याआधी ग्रंथी कोणकोणत्या तारखांना रिकाम्या केल्या त्याची नोंद. येणे शक्य नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या क्रमांकावर फोन करून विचारा. आणि डॉक्टरांनी नुसते पिळून परत पाठवले, तर एवढेच विचारा: "हे पुन्हा का होतंय?"